पुणे लोकसभेला ३५ उमेदवार, सोसायटीत प्रचाराला आले तर नक्की काय विचारायचं?

सायली_वनाज
३० एप्रिल २०२४, रात्री १०:४०

नमस्कार. काल अर्ज मागे घ्यायची मुदत संपली आणि आपल्या पुणे मतदारसंघात ३५ जण उरलेत. रात्री जेवताना आईनं सहज विचारलं, पस्तिसातले तुला किती माहितीयेत गं, तर मी बोटांवर मोजायला लागले, मुरलीधर मोहोळ, रवींद्र धंगेकर, वसंत मोरे, एमआयएमचे अनिस सुंडके, आणि पाचव्या बोटाशी अडकले. नावच येईना. मला खरंच वाईट वाटलं. २०१९ ला पहिल्यांदा मत दिलं तेव्हा बाबांना विचारून दिलं होतं. आता बाबा नाहीत, घरात आई, आजी आणि मी अशी तीन मतं आहेत आणि दोघीही म्हणतात तू वाचतेस ना सगळं, तू सांग. कोणाला द्यायचं ते मी कुणालाच सांगणार नाहीये, ते ज्याचं त्यानं ठरवायचं, पण निदान माहिती तरी धड द्यावी असं मनापासून वाटतं.

दुसरं म्हणजे रविवारी ५ तारखेला सकाळी आमच्या पार्किंगमध्ये एका उमेदवाराची माणसं येणारेत. सेक्रेटरी काकांनी ग्रुपवर टाकलंय की दहा मिनिटं प्रश्नांना दिलीत, आधी लिहून द्या. आत्तापर्यंत आलेले प्रश्न बघा, टँकर किती दिवस घ्यायचे, कोपऱ्यावरचा कचरा कधी उचलणार, पौड रोडच्या फुटपाथवरच्या गाड्या, भटकी कुत्री. सगळे प्रश्न खरे आहेत, त्रास आम्हालाही आहे, पण ही कामं महापालिकेची ना? मग लोकसभेला उभं राहिलेल्या माणसाला विचारायचं काय?

अजून दोन बारीक गोष्टी. माझा मामा धायरीला राहतो, तो म्हणतो आमच्याकडं ही नावंच नाहीत, आमच्याकडं वेगळेच बोर्ड लागलेत. असं कसं? आणि आजी ८६ वर्षांची आहे, वॉकर घेऊन चालते, तिला तीन तीन मशीन लावलेली असतील तर कळेल का?

मुक्काम_धायरी
३० एप्रिल, रात्री ११:०२

सायली, बाकीचं सगळं राहू दे, आधी मामाला फोन कर. त्यांचं मतदान ७ मे ला आहे, आपल्या पुण्यासारखं १३ मे ला नाही!!

धायरी, नऱ्हे, वडगाव बुद्रुक, वारजे, धनकवडी हा पट्टा खडकवासला विधानसभेत येतो आणि खडकवासला बारामती लोकसभेत आहे. म्हणजे आमच्याकडं सुप्रिया सुळे विरुद्ध सुनेत्रा पवार. पत्ता पुण्याचा, पाणी पुण्याचं, टॅक्स पुणे महापालिकेला, पण खासदार बारामतीचा. हडपसरवाले शिरूरमध्ये, पिंपरी आणि चिंचवडवाले मावळमध्ये, त्यांचं १३ लाच आहे. पुणे लोकसभा म्हणजे फक्त सहा विधानसभा, कसबा, कोथरूड, शिवाजीनगर, पर्वती, कॅन्टोन्मेंट आणि वडगाव शेरी.

हे इतकं ओरडून सांगतोय कारण गेल्या वेळी पुणे आणि बारामती दोन्हीकडं एकाच दिवशी, २३ एप्रिलला मतदान होतं आणि लोकांच्या डोक्यात तेच बसलंय. आमच्या बिल्डिंगमध्ये काल चार घरांनी मला ठामपणे १३ तारीख सांगितली. ऑफिसमध्ये कोथरूडची माणसं १३ म्हणतात म्हणून हेही १३ म्हणतात. आठ तारखेला यांना कळून काय उपयोग?

सही_शिक्का
१ मे, सकाळी ९:१५

मी नोटरीच्या ऑफिसात काम करतो, प्रतिज्ञापत्रं रोज हाताखालून जातात म्हणून त्याबद्दल लिहितो.

प्रत्येक उमेदवाराला अर्जाबरोबर नमुना २६ मध्ये प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, शपथेवर. ते निवडणूक आयोगाच्या साईटवर स्कॅन करून टाकलेलं असतं, आयोगाचं केवायसी (नो युवर कँडिडेट) नावाचं अ‍ॅप आहे त्यातही मिळतं, उमेदवाराचं नाव टाकलं की पीडीएफ उघडते. ३५ जणांची सगळी पानं वाचायला बसलात तर तेरा तारीख उजाडेल, त्यामुळं मी काय बघतो ते सांगतो.

पहिलं गुन्ह्यांचं कोष्टक. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ना की अमक्यावर इतके गुन्हे आणि तमक्यावर तितके, त्या नुसत्या आकड्यावर जाऊ नका. प्रत्येक गुन्ह्यापुढं कलम लिहिलेलं असतं. १८८, १४३ अशी कलमं दिसली तर बहुतेक वेळा ते मोर्चा, रास्ता रोको, जमावबंदी मोडली असलं असतं, राजकारणात वीस वर्षं काढलेल्या माणसावर ते असणारच. ४२० म्हणजे फसवणूक आहे का, ३०७ म्हणजे खुनाचा प्रयत्न आहे का, ३५४ म्हणजे विनयभंग आहे का, ही गोष्टच वेगळी. आणि शेजारच्या रकान्यात कोर्टानं आरोप निश्चित केलेत की नाही ते लिहायचं असतं, तिथं बोट ठेवून वाचा. कारण नुसता गुन्हा दाखल होणं आणि कोर्टानं कागद बघून खटला चालवायला घेणं यात फार अंतर आहे. गुन्हे प्रलंबित असले तर उमेदवाराला प्रचाराच्या काळात तीन वेळा पेपरात आणि टीव्हीवर जाहिरात देऊन ते सांगावं लागतं, बारीक टायपात येते ती, शोधून वाचा.

दुसरं, पाच वर्षांचं उत्पन्न. स्वतःचं, बायकोचं किंवा नवऱ्याचं, अवलंबून असलेल्यांचं, सगळं वेगवेगळं द्यावं लागतं. तिसरं, देणी. लोक मालमत्तेचा आकडा बघून तोंडात बोट घालतात आणि पान उलटतात, खाली कर्ज आणि सरकारी थकबाकी लिहिलेली असते ती कोणी बघतच नाही. घरपट्टी थकलीय का, सरकारी घर असेल तर त्याचं भाडं, पाणी, वीजबिल थकलंय का तेही त्यात असतं.

आणि माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे जुनं प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवायचं. धंगेकरांचं २०२३ च्या कसबा पोटनिवडणुकीचं आहे, वसंत मोरेंचं २०१९ च्या हडपसर विधानसभेचं आहे. मोहोळ, धंगेकर, मोरे तिघंही २०१७ ला महापालिकेत निवडून आलेले, तेव्हाही अर्जासोबत शपथपत्र दिलेलं आहेच. तेव्हा काय होतं, आता काय आहे, मधल्या वर्षांत कुठली जमीन आली, ती कशातून घेतली, हे दोन कागद शेजारी ठेवले की पेपरवाल्यांनी सांगायची गरज राहत नाही. एकही रकाना कोरा सोडता येत नाही, लागू नसेल तर निरंक लिहावं लागतं, तेव्हा कोरा दिसला तर शंका घ्यायलाच हवी.

नारायण_पेठ_जुना
१ मे, सकाळी ११:३०

सायलीताई, वय वर्षं ७४ आहे त्यामुळं थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझं पहिलं मत १९७१ चं, तेव्हा वयाची २१ वर्षं पूर्ण लागायची. पुण्यातून मोहन धारिया काँग्रेसकडून निवडून आले होते. आणीबाणी झाली, धारिया तुरुंगात गेले, आणि १९७७ ला हेच धारिया जनता पक्षाकडून याच पुण्यातून निवडून आले. त्याच्या आधी १९५७ ला ना. ग. गोरे, १९६७ ला एसेम जोशी. पुढं १९८० पासून तीन वेळा विठ्ठलराव गाडगीळ, १९९१ ला अण्णा जोशी. म्हणजे पुणं अमक्याच पक्षाचं असं जे छातीठोकपणे सांगतात ना, त्यांना सांगा की या शहरानं माणूस बघून आणि वेळ बघून बरेचदा मत बदललंय. १९९८ ला तर कलमाडी अपक्ष उभे राहिले आणि भाजप-सेनेनं त्यांना पाठिंबा दिला, सगळीकडं चर्चा त्यांचीच, आणि निवडून आले काँग्रेसचे विठ्ठल तुपे. तेव्हा आमच्या कट्ट्यावर कोणालाच ते आधी पटलं नव्हतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडं येतो. लोक खासदाराला टँकर आणि कचरा का विचारतात? मला यात लोकांची चूक दिसत नाही. आपले खासदार गिरीश बापट गेले २९ मार्च २०२३ ला. लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १५१ अ आहे, जागा रिकामी झाली की सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची. मुदत एक वर्षापेक्षा कमी उरली असेल तर सूट आहे, इथं तर वर्षाहून जास्त उरलेली होती. तरी निवडणूक घेतलीच नाही. आयोग म्हणाला लोकसभेच्या तयारीत आहोत आणि निवडून येणाऱ्याला फार दिवस मिळणार नाहीत. शेवटी एक साधा पुणेकर मतदार हायकोर्टात गेला, डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ताबडतोब निवडणूक घ्या म्हणून सांगितलं, आणि जानेवारीत सुप्रीम कोर्टानं त्याला स्थगिती दिली. आज तेरा महिने झाले, लोकसभेत पुण्याच्या नावानं बोलणारं कोणी नाही. आणि खाली बघा, मार्च २०२२ पासून महापालिकेत प्रशासक. वॉर्डात नगरसेवक नाही, दिल्लीत खासदार नाही. मग दारात जो पहिला माणूस मत मागायला येईल त्याच्यापुढं लोक सगळीच गाऱ्हाणी मांडणार, करतील काय दुसरं? त्यात मुख्य तिन्ही उमेदवार मुळात नगरसेवक, लोकांनी त्यांना ड्रेनेजच्या झाकणापाशी उभं राहिलेलं बघितलंय, त्यामुळं प्रश्नही तेच येतात.

मी तुमच्या जागी असतो तर पार्किंगमध्ये पहिला प्रश्न हाच विचारला असता. हे तेरा महिने पुण्याला खासदार नव्हता तेव्हा तुम्ही काय केलंत? पोटनिवडणूक घ्या म्हणून कुठं पत्र दिलंत, कुठं उभे राहिलात? तारीख सांगा.

विमाननगर_सकाळ
१ मे, दुपारी १:१०

काकांचं वाचून अंगावर काटा आला, तेरा महिने हा आकडा मी कधी मोजलाच नव्हता.

खासदाराचं काम कुठं येतं याची आमच्या बाजूची यादी देते. लोहगाव विमानतळ. धावपट्टी हवाई दलाची आहे, म्हणजे संरक्षण खातं. नवीन टर्मिनलचं उद्घाटन १० मार्चला झालं आणि आज १ मे ला ते बंदच आहे, प्रवासी अजून जुन्यातच चेंगरतायत. मी गेल्या आठवड्यात भावाला सोडायला गेले होते, पहाटे साडेचारला सुरक्षेची रांग दारापर्यंत आलेली, आणि तिथून मान वळवली की नवीन काचेची इमारत दिवे लावून रिकामी उभी. हे नगरसेवक सोडवू शकत नाही, आमदार सोडवू शकत नाही, हे दिल्लीतच सुटणार. विचारा की कधी चालू करणार आणि त्यासाठी कोणत्या खात्याच्या मागं लागणार.

तसंच लष्कराच्या जमिनी. पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंट, शिवाय लोहगावच्या बाजूचे रस्ते, मधे संरक्षण खात्याची जागा आली की रुंदीकरण वर्षानुवर्षं अडतं. कॅन्टोन्मेंटवाल्यांचं तर बोलायलाच नको, तिथं २०२१ पासून निवडून आलेलं बोर्ड नाही.

नदी. मुळा-मुठा शुद्धीकरणाचा जायका (जपानी संस्थेच्या मदतीचा) प्रकल्प केंद्रानं जानेवारी २०१६ मध्ये मंजूर केला, सुमारे ९९० कोटींचा, आठ वर्षं झाली, भिडे पुलावर उभं राहून वास घ्या आणि ठरवा. पुणे-लोणावळा रेल्वेची तिसरी चौथी लाईन. बाह्यवळण महामार्ग आणि नवले पुलाचा उतार, तो राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. मेट्रोचे पुढचे टप्पे, त्यात केंद्राचा वाटा असतो.

आणि पत्रकावर कोणी खासदार निधीतून अमुक करू म्हणून लिहिलं असेल तर साधा हिशोब करा. निधी वर्षाला ५ कोटी. आपल्या मतदारसंघात मतदार २० लाखांवर. माणशी २५ रुपयेसुद्धा येत नाहीत वर्षाचे. त्यातून बाकडी आणि हायमास्ट होतील, टँकर बंद नाही होणार.

सायली_वनाज
१ मे, रात्री ९:५०

मामाला फोन केला. त्याला खरंच १३ वाटत होतं!! मामी तर ७ तारखेला गावाला जायचं तिकीट काढून बसली होती, आता बदलतायत. मुक्काम_धायरी, तुमचे किती आभार मानू.

प्रतिज्ञापत्रं बघायला लागलेय. मधेच एक प्रश्न, आमच्या मजल्यावरचे दादा म्हणतात अपक्षांचे कागद बघण्यात वेळ कशाला घालवतेस, ते नावापुरते उभे असतात. हे बरोबर आहे का?

पर्वती_पायथा
१ मे, रात्री १०:२५

नाही, बरोबर नाही. मी या वेळी एका अपक्षाचा सूचक आहे, म्हणजे त्याचं नाव सुचवून अर्जावर सही केलीय, नाव लिहीत नाही कारण इथं प्रचार करायचा नाहीये.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात आणि दहाही याच मतदारसंघाचे मतदार हवेत. आता दहा माणसं म्हणजे काय मोठंसं असं वाटेल, पण प्रत्येकाचा यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक, सही, सगळं यादीशी जुळलं पाहिजे. आमच्यातला एक जण लग्नानंतर आंबेगावला गेला, नाव तिकडं लावून घेतलेलं, म्हणजे बारामतीत. आम्हाला पत्ताच नाही. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, २५ एप्रिलला, दुपारी लक्षात आलं, तीनला खिडकी बंद होणार. मग जनता वसाहतीतून एका मावशीला गाडीवर बसवून नेलं, त्या धुणं टाकून तशाच आल्या, हाताला साबण होता, तो पदराला पुसला आणि सही केली. २५ हजार अनामत त्या माणसानं बायकोला विचारून ठेव मोडून भरली. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश मतं नाही पडली तर ती जप्त होते. २०१९ ला एक षष्ठांश म्हणजे जवळजवळ १ लाख ७० हजार मतं व्हायची, बापट आणि मोहन जोशी सोडून कोणाच्याही जवळपास नव्हती. हे सगळं माहिती असून माणूस उभा राहिला. तो जिंकणार नाही हे आम्हालाही कळतं. पण त्याच्या पत्रकावर घरकामगार बायकांच्या पेन्शनबद्दल जे लिहिलंय ते बाकी कोणाच्याच पत्रकावर नाही, आणि कामगारांच्या पेन्शनचा कायदा केंद्रालाही करता येतो, म्हणजे हा लोकसभेचाही विषय आहे.

सगळेच अपक्ष असे असतात असं म्हणत नाही. म्हणून तर वाचा म्हणतोय.

कोथरूडकर_दादा
१ मे, रात्री ११:००

भावना कळल्या पण मत वाया जातं ही वस्तुस्थिती आहे. शेवटी लढत दोघांतच होते, तिसऱ्याला दिलेलं मत नको त्याला मदत करतं. २००९ आठवा, काँग्रेसचे कलमाडी आणि भाजपचे शिरोळे यांच्यात फरक २५ हजारांच्या आसपास आणि मनसे, बसपा दोघांनीही त्याहून कितीतरी जास्त मतं घेतली. त्या दिवशी ज्यांनी विचार न करता दिलं त्यांनी नंतर पाच वर्षं काय म्हणलं ते सगळ्यांना माहितीये.

नारायण_पेठ_जुना
२ मे, सकाळी ७:४५

दादा, तुमचा हिशोब बरोबर आहे, पण वाया गेलेलं मत म्हणजे न दिलेलं मत. २०१९ ला पुण्यात निम्म्या मतदारांनीही मत दिलं नाही, पन्नास टक्क्यांच्या आतच राहिलो आपण. दहा लाखांच्या आसपास माणसं घरी बसली. तिसऱ्याला कोणी किती मतं दिली त्याची काळजी मला नंतर, आधी ह्याची वाटते.

शाळा_बाई
२ मे, दुपारी ४:२०

सायली, मी शिक्षिका आहे, २०१९ ला केंद्राध्यक्ष होते, या वेळीही ड्युटी आहे, ट्रेनिंग झालंय. आजींचं मी सांगते.

एका बॅलट युनिटवर १६ बटणं. ३५ उमेदवार आणि नोटा मिळून ३६ होतात म्हणून तीन युनिटं शेजारी शेजारी ठेवतात. पहिल्यावर १ ते १६, दुसऱ्यावर १७ ते ३२, आणि तिसऱ्यावर फक्त ३३, ३४, ३५ आणि शेवटी नोटा, बाकीची बटणं झाकलेली असतात. नावांचा क्रमही ठरलेला असतो, आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणी झालेले बाकीचे पक्ष, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात अक्षरांच्या क्रमानं. नावापुढं फोटो आणि चिन्ह असतं. तेव्हा आजींनी ज्यांना द्यायचं त्यांचा अनुक्रमांक आणि चिन्ह घरीच पाठ करून यावं, तिथं उभं राहून तिन्ही मशीन वाचत बसलं की म्हातारी माणसं गांगरतात. २०१९ ला एक आजोबा आत गेले ते किती वेळ बाहेरच येईनात, मी पडद्याच्या अलीकडूनच विचारलं, काका काही अडचण आहे का, तर म्हणाले बाई नाव सापडत नाही. आत जायची आम्हाला परवानगी नसते. चष्मा घरी राहिला होता. मशीनचं नमुना चित्र बाहेर आणून दाखवलं, कुठून कुठं वाचायचं ते समजावलं, मग त्यांनी दिलं.

बटण दाबलं की तिथला लाल दिवा लागतो, शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि मग लांब बीप वाजते. बीप ऐकू येईपर्यंत हलू नका म्हणावं.

८५ च्या पुढच्यांना या वेळी घरून मत द्यायची सोय होती पण त्याचा १२ ड फॉर्म अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यायचा होता, ती वेळ गेली. हरकत नाही. आजींना रांगेत उभं करत नाहीत, थेट आत घेतात. नजर कमी असेल किंवा हात थरथरत असेल तर १८ वर्षांवरचं एक माणूस सोबत आत जाऊ शकतं, त्याला एक लेखी हमी द्यावी लागते की मत गुप्त ठेवीन म्हणून, आणि एका माणसाला दिवसभरात एकाच मतदाराचा सोबती होता येतं. मोबाईल आत चालत नाही. मतदार चिठ्ठी म्हणजे ओळखपत्र नव्हे, कार्ड, आधार, पॅन, पासपोर्ट, लायसन्स असं काहीतरी बरोबर ठेवा.

आणि नाव यादीत आहे का ते आजच बघा. १९५० ला फोन लावा किंवा अ‍ॅपवर शोधा. २०१४ ला पुण्यात कितीतरी लोकांची नावं यादीतून गेलेली होती, माझ्या सासऱ्यांचं त्यातच गेलं. ४० वर्षं एकाच घरात राहणारा माणूस, कार्ड हातात, आणि यादीत नाव नाही. ते तासभर शाळेच्या कट्ट्यावर बसून होते, उन्हात, कोणी हो म्हणेल म्हणून. पुढच्या निवडणुकीपर्यंत ते राहिले नाहीत. कार्ड असलं की झालं असं समजू नका हो कोणी.

सायली_वनाज
५ मे, दुपारी १२:४०

आत्ताच वर आले. पार्किंगमध्ये साठेक माणसं होती. उमेदवार स्वतः आले नाहीत, त्यांच्या पक्षाचे दोन पदाधिकारी आणि कार्यकर्ते आले. कोणाचे ते लिहीत नाही, कारण दुसरे आले असते तरी मी हेच विचारलं असतं.

तीन प्रश्न लिहून नेले होते. पहिला तेरा महिन्यांचा. त्यावर एकदम शांतता झाली, मग त्यातले मोठे गृहस्थ म्हणाले की ते आयोगाच्या हातात होतं. मी म्हणलं हो, पण तुम्ही पत्र दिलंत का, तारीख सांगा. ते म्हणाले बघून कळवतो. माझा नंबर घेतला. दुसरा नदीचा. त्याचं उत्तर त्यांनी चांगलं दिलं, कुठलं केंद्र किती झालंय हे त्यांच्या वहीत होतं, अगदी हातानं लिहिलेलं, आणि कुठं जागा मिळाली नाही तेही सांगितलं, ते मला आवडलं. तिसरा प्रतिज्ञापत्रातला होता, एका गुन्ह्यात आरोप निश्चित झालेत असं लिहिलंय ते प्रकरण काय. मागून कोणीतरी म्हणालं अहो हे कशाला काढता रविवारी. पण सेक्रेटरी काकांनी सांगितलं, कागद त्यांनीच दिलाय, विचारू द्या. उत्तर मिळालं, पटलं की नाही ते माझं मी ठरवेन.

टँकरचा प्रश्नही झाला, आमच्या मजल्यावरच्या दादांनीच विचारला आणि त्यांनीच पुढं जोडलं की हे महापालिकेचं आहे हे माहितीये, पण महापालिकेची निवडणूक दोन वर्षं झाली नाही, त्यासाठी तुम्ही काय करणार ते सांगा. टाळ्या पडल्या त्याला.

बाकीच्या उमेदवारांना हेच तीन प्रश्न मेलवर पाठवलेत. अपक्षांपैकी दोघांची उत्तरं काल रात्रीच आली, एकानं तर फोनच केला आणि अर्धा तास बोलले.

शाळा_बाई, आमच्या तिघींची नावं सापडली पण आजीच्या चिठ्ठीवर खोली पहिल्या मजल्यावर दिसतेय. शाळेला लिफ्ट नाही. काय करू?

शाळा_बाई
५ मे, संध्याकाळी ६:१५

आधी बीएलओंना, म्हणजे आपल्या केंद्राची मतदार यादी बघणाऱ्या अधिकाऱ्यांना फोन कर, त्यांचा नंबर अ‍ॅपवर नाव शोधलं की खालीच येतो. बरीच केंद्रं या वेळी तळमजल्यावर आणलीत, चिठ्ठी जुन्या खोलीची असू शकते. दिव्यांग आणि ज्येष्ठांसाठी आयोगाचं सक्षम अ‍ॅप आहे, त्यावर व्हीलचेअरची नोंद आजच करून ठेव. तरीही पहिलाच मजला निघाला तर केंद्रावर स्वयंसेवक असतात, खुर्चीत बसवून वर नेतात, आजींना आधी सांगून ठेव म्हणजे त्या बुजणार नाहीत. साडेअकरा ते चार आणू नकोस, मे आहे. सात वाजता मतदान सुरू होतं, आम्ही साडेपाचलाच मॉक पोल, म्हणजे मशीनची चाचणी, सुरू करतो.

मुक्काम_धायरी
७ मे, संध्याकाळी ५:३०

सायली, मामा-मामींचं झालं का? इथं अजून अर्धा तास आहे, सहाच्या आत दारात पोचले तरी चिठ्ठी देऊन आत घेतात.

सायली_वनाज
७ मे, संध्याकाळी ५:४४

सकाळी नऊलाच झालं दोघांचं. मामानं बोटाचा फोटो पाठवलाय आणि बिल्डिंगमधल्या अजून तीन घरांना सांगून तो स्वतः घेऊन गेला. आजीचं केंद्र तळमजल्यावरच आहे, बीएलओंनी सांगितलं. ती आता रोज सकाळी पेपर झाला की माझ्याकडून ३५ नावांची यादी मागून घेते आणि भिंग लावून एकेक वाचते.